सनईच्या वर्तणुकीचा दाखला

गंगापूर रोड, नाशिक
५ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

नमस्कार. वाकून करणार होते, पण डावा पाय घोट्यापासून प्लास्टरमध्ये आहे आणि उजव्या मांडीवर मांजर आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. मांजर पायात आलं, मी पडले, आणि मी विव्हळतेय म्हटल्यावर ती माझ्याहून मोठ्याने ओरडायला लागली. दिनेश धावत आला तो आधी तिलाच उचलायला.

गंगापूर रोडवरून देवळाली कॅम्पला पत्र पोचायला दोन दिवस लागतात. एवढ्यात मी लंगडत येऊन तुझ्या हातचे पोहे खाऊन परत आले असते. पण दोन वर्षांपूर्वी तू फोन कपाटात टाकलास आणि जाहीर केलंस की ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने शाई खर्च करावी. म्हणून खर्च करतेय.

तर सनई. नाव ठेवताना मी गंमत केली होती, आता बिल्डिंगमध्ये कोणाला गंमत वाटत नाही. पहाटे पाचला सुरू होते. भूक लागली की ओरडते, पोट भरलं की ओरडते, दार बंद असलं की उघडा म्हणून आणि उघडलं की का उघडलं म्हणून. माझ्या ऑनलाइन शिकवणीत दहावीची मुलं गणित सोडून तिच्याशी गप्पा मारतात. खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी निकुंभकाका राहतात. त्यांनी मीटिंगमध्ये ठराव केला की महिन्या-दीड महिन्यात मांजर गप्प करा, नाहीतर बाहेर काढा. तेवढे दिवस तू तिला सांभाळशील का? मग पुढचं बघू.

आता दुसरी गोष्ट. संतोषदादाचा बंगळुरूहून फोन आला होता. दिवाळीला येतोय, आणि तुला सोबत घेऊनच जाणार म्हणतो. आई एकटी राहते, फोन उचलत नाही, उद्या काही झालं तर कळणार कसं, असं त्याचं म्हणणं. मला विचारत होता, "पल्लवी, खरं सांग, आई ठीक आहे ना?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुला विचारून देईन म्हटलं.

तुझी,
पल्लवी


देवळाली कॅम्प
९ ऑगस्ट

चि. पल्लवीस,

आशीर्वाद एकच, कारण शुद्धलेखनाच्या चुका तीन. पत्र लाल शाईने तपासून सोबत परत पाठवते आहे.

मांजर पाठव. मी सदतीस वर्षं सहावी ब सांभाळली आहे. त्या वर्गात एकदा साप निघाला तर पोरांपेक्षा साप जास्त घाबरला होता. तुझी मांजर माझ्यापुढे काय टिकणार? माझी एक नजर पुरे.

संतोषबद्दल मात्र मी गंमत करत नाही. मागच्या वर्षी त्याच्याकडे बावीस दिवस राहून आले. अकरावा मजला. खाली उतरायला कार्ड, वर यायला कार्ड. सून चांगली आहे, नातू गोड आहे, सगळं मान्य. पण दिवसभर मी खिडकीतून दुसऱ्याच्या खिडक्या बघत बसायची. इथे माझ्या दोन खोल्या आहेत, पेरूचं झाड आहे, सकाळी नवसाबाई भांडी घासायला येते ती पोतंभर बातम्या घेऊन येते. भाजी आणायला जाते तर मिशा पिकलेले विद्यार्थी रस्त्यात थांबून पाया पडतात. मला इथून हलायचं नाही. हे घर सुटलं तर माझ्यात काही उरणार नाही, हे तुला स्पष्टच सांगते.

तेव्हा सौदा असा. मी तुझी मांजर सांभाळते. तू संतोषला कळव की आई ठणठणीत आहे. या हाताने दे, त्या हाताने घे.

तुझी आत्या,
मोहिनी


गंगापूर रोड
२० ऑगस्ट

प्रिय आत्या,

सौदा पुरा केला. दादाला सांगितलं की आत्या ठणठणीत आहे, मी हमी घेते. तो म्हणाला, "तुझ्या शब्दावर विसंबतो, पण दिवाळीत स्वतः बघेनच." तेव्हा सांभाळून.

दिनेश सनईला सोडून आला तो पार दमून. म्हणाला, "तासभर आत्याच बोलत होत्या. सापाची गोष्ट, हेडमास्तरांची गोष्ट, पेरूला लागलेल्या किडीची गोष्ट. मांजरीला काय खायला घालायचं ते सांगायचं राहिलंच, मला तोंड उघडायला जागाच मिळाली नाही." मी म्हटलं, नवीन काय त्यात? अलीकडे तुझ्याकडे आलं की सगळ्यांचं हेच होतं.

तर खाणं असं: दोन वेळा दूध-भात, मधूनमधून सुकट. आणि सांग, किती छळलं तिने? नऊ दिवस झाले. रागावू नकोस, मला कल्पना आहे. दिनेशच्या ऑफिसात कॅम्पमधला एक जण आहे, तो सांगत होता की सध्या तोफखान्याचा सराव जोरात चाललाय, रोज दहाच्या सुमाराला खिडक्या थरथरतात. सनई घाबरत असेल ना? घाबरली की ती आभाळ डोक्यावर घेते.

तुझी,
पल्लवी


देवळाली कॅम्प
२५ ऑगस्ट

चि. पल्लवीस,

आशीर्वाद दोन. चूक एकच सापडली.

तुझ्या मांजरीबद्दल तू जे जे लिहिलंस ते वाचून मला तुझी काळजी वाटते. ही मांजर मुकी आहे. आल्या दिवसापासून हिने हूं की चूं केलेलं नाही. दिवसभर नुसत्या जांभया देते. माझ्यासमोर येऊन बसते, माझ्याकडे टक लावून बघते आणि हा एवढा मोठा आ करून जांभई. मग दुसरी. पहिल्या आठवड्यात तर एका वेळी वीस-पंचवीस जांभया मी मोजल्या. तुमच्याकडे हिला झोपू देत नव्हता की काय? अगं, जनावराला विश्रांती लागते. आता बऱ्याच कमी झाल्या आहेत. झोप भरून निघाली असावी.

आणि तोफांचं कोणी सांगितलं तुला? दिनेशच्या ऑफिसातल्या माणसाला म्हणावं उचलली जीभ लावली टाळ्याला. इथे तर गेलं वर्षभर सराव बंदच आहे. पूर्वी लांबून धपधप यायची, आता काही नाही. फार दूर कुठेतरी हलवला असेल. सकाळचं कसं शांत असतं. दहाच्या सुमाराला सनई आपणहून मांडीत येऊन बसते आणि प्रेमाने अशी थरथरते की माझी मांडी हलते. एवढी लाघवी मांजर तुम्हाला कळलीच नाही.

थांब जरा, करपल्याचा वास येतोय.

वरण गेलं. पत्र लिहिता लिहिता ध्यान राहिलं नाही, हे काही तुझ्या दादाला कळवायची गरज नाही.

आत्या


गंगापूर रोड
६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी दिनेशला दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणतो मांजर बदलली गेली असणार. पाठीवर तपकिरी ठिपका आहे का बघ!

मला आधी पटलं नाही, मग राग आला, आणि मग चक्क हेवा वाटला. चार वर्षं मी तिला पोसलं, ती मला एक क्षण स्वस्थ बसू देत नव्हती, आणि तुझ्याकडे जाऊन शहाणी झाली? काय केलंस? ओरडलीस तिच्यावर? जांभयांचं मी डॉक्टरांना फोनवर विचारलं, ते म्हणाले जंत असतील. औषध पाठवते.

खरं सांगू? घर इतकं शांत झालंय की करमत नाही. पहाटे पाचला आपोआप जाग येते आणि मी वाट बघत पडून राहते. उद्या गणपती येतील, ती असती तर आरतीत सगळ्यात वरचा सूर तिचा लागला असता.

आता एक काम. निकुंभकाकांना मी सांगितलं की मांजर सुधारली. ते म्हणाले, "तोंडी चालणार नाही, लेखी पाहिजे." तू मोठ्या शाळेत शिकवलंयस, तुझ्या अक्षराला वजन आहे. देतेस का एक दाखला लिहून?

पल्लवी


देवळाली कॅम्प
१२ सप्टेंबर

चि. पल्लवीस,

आशीर्वाद तीन. ओरडले बिरडले काही नाही. शिस्त ओरडून लागत नाही, हे तुला शिकवणीत अजून कळलेलं दिसत नाही. जंताचं औषध पेरूच्या बुंध्याशी ओतलं.

ठिपका आहे. मांजर तुझीच आहे. बदललं ते वळण. हल्ली तिला एक नवी लाडीगोडी लागली आहे, येते आणि पायावर पंजा ठेवते. मग मी उठते आणि ती पुढे नि मी मागे, अशी आमची घरभर वरात निघते.

दाखला खाली देते. पत्राचा तेवढा भाग कापून निकुंभांना दे.

"दाखला. प्रमाणित करण्यात येते की कु. सनई, वय अंदाजे चार वर्षे, रंग पांढरा, पाठीवर तपकिरी ठिपका, ही माझ्याकडे दि. ११ ऑगस्टपासून मुक्कामी असून या काळात तिने एकदाही आवाज केलेला नाही. स्वभाव शांत. वर्तणूक उत्तम. वर्गात बडबड करत नाही. हा दाखला तिच्या मालकिणीच्या विनंतीवरून सोसायटीत दाखवण्यासाठी दिला असे. — मोहिनी गवळी, निवृत्त शिक्षिका."

खोटं एक अक्षर नाही त्यात.

आत्या


गंगापूर रोड
२८ सप्टेंबर

आत्या,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. पहिली दोन फाडली.

रविवारी दिनेश सनईला घेऊन आला. दाखला सोसायटीच्या फलकावर लागला, निकुंभकाकांनी त्याखाली "मान्य" म्हणून सही केली. आणि सनई खरोखरच गप्प आहे. सहा दिवसांत एक म्यावही नाही. पहिले दोन दिवस मी तुझी तारीफ करत सुटले होते. मग मी तिच्याकडे नीट बघायला लागले. पाय प्लास्टरमधून निघाला असला तरी मी खुर्चीतच असते, दुसरा उद्योग नाही.

कुकरची शिट्टी झाली की सनई स्वयंपाकघरातून पळत येते, माझ्या पायावर पंजा ठेवते, ओट्याकडे जाते, मागे वळून बघते. मी उठले नाही तर परत येते, परत पंजा. दाराची बेल वाजली की दारापर्यंत जाते, मग माझ्याकडे, मग दाराकडे. दूध वर यायला लागलं तरी तेच. मला ऐकू आलेलं असतं गं. पण तिला वाटतं, मला आलेलंच नाही. माणसाला आवाज कळत नसतात, हात लावून सांगावं लागतं, असं ती कुठून तरी शिकून आली आहे.

मी दिनेशला विचारलं, तिथे कोणी काही बोललं का? तर म्हणाला, गेटपाशी नवसाबाई भेटली होती. ती म्हणाली, "पहिलं आठ दिस लय वरडली हो ती. शेजारच्या सुभेदाराची बायको बघाया आली, का मांजर कुठं अडकलं का काय. मंग आपोआपच गप झाली." दिनेशने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

जांभया नव्हत्या त्या, आत्या. ती तुझ्या तोंडासमोर बसून जीव तोडून ओरडत होती. तोफखान्याचा सराव आजही चालू आहे. ती मांडीत प्रेमाने थरथरत नव्हती. आणि तू फोन कपाटात टाकलास तो शाईच्या प्रेमापोटी नाही. आलेल्या माणसाला तू बोलू देत नाहीस, कारण तो बोलला तर तुला उत्तर द्यावं लागेल.

मला आधी फार राग आला. दादाला मी शब्द दिलाय, माझ्याकडून तू खोटं वदवून घेतलंस. मग मी रडले. कारण आम्ही तीन-तीन पानी पत्रं लिहून, सणाला येऊन, पोहे खाऊन दोन वर्षांत जे ओळखलं नाही, ते त्या मांजरीने आठ दिवसांत ओळखलं.

दादाला मी अजून काही सांगितलेलं नाही. दिवाळीला महिना आहे. कान तपासून घे.

पल्लवी


देवळाली कॅम्प
३ ऑक्टोबर

चि. पल्लवीस,

पत्र पोचलं. चुका सात. रडताना लिहू नये, वेलांट्या बिघडतात.

बाकी मजकुरात उत्तर देण्यासारखं काही आढळलं नाही.

मोहिनी गवळी


गंगापूर रोड
६ ऑक्टोबर

आत्या,

सहीसुद्धा पूर्ण नावाने? बरं.

हे पत्र दिनेशच्या हाती पाठवतेय, आणि त्याच्या दुसऱ्या हातात पिशवी आहे. पिशवीत सनई आहे. ती तुला दिली. महिन्यासाठी नाही, कायमची.

नको म्हणू नकोस. सोसायटीने परवानगी दिली आहे, मी तिला ठेवू शकते, आणि मला ती हवी आहे. काल ती माझ्या पायावर पंजा ठेवून बसली होती तेव्हा तिला पाठवायचा बेत मी चार वेळा रद्द केला. पण माझे कान धड आहेत. ती इथे नुसती लाडकी आहे, तिथे तिला काम आहे.

बदल्यात मला काही नको. सौदा नाही हा. तुझ्याकडून वचन घेणार नाही आणि दादाला पत्रही लिहिणार नाही. पण तो दिवाळीत विचारेल तेव्हा दुसऱ्यांदा खोटं बोलणार नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, तू तर कान मिटून प्यायलीस. त्याला कळेल आत्या, पहिल्याच दिवशी कळेल, आणि मग तुझं ऐकायला तो थांबणार नाही. तुला तुझं घर हवंय ना? मग डॉक्टरकडे जा.

बाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तुझं घर आहे. ते बंगळुरूला अकराव्या मजल्यावर गेलेलं मलाही चालणार नाही.

पल्लवी


देवळाली कॅम्प
२० ऑक्टोबर

प्रिय पल्लवी,

तुझ्या पत्रातल्या चुका या वेळी मोजल्या नाहीत.

दोन आठवडे मी तुझ्यावर फणफणत होते. चार दिवस तर मांजरीशीही बोलले नाही. तिला काही फरक पडला नाही. कुकर झाला, पंजा. नवसाबाई दारात आली, पंजा. नवसाबाईला सगळं ठाऊक आहे बरं का. ती माझ्यासमोर उभी राहिल्याशिवाय बोलत नाही, आणि बाहेर कोणाला सांगत नाही. मी तिला ओठ हलवून बोलायला शिकवलं, ती मला बाजारातल्या बातम्या देते.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. दाखल्यात ती लिहिली नाही. ऑगस्टमध्ये सनई कोठीच्या खोलीत अडकली होती. मी डबा काढायला गेले, ती मागून आत शिरली, मी कडी लावली. नवसाबाई त्या दिवशी उशिराने, दुपारी आली आणि दारातूनच ओरडली म्हणे, "बाई, मांजर कोंडलंय!" मग समोर येऊन तिने कोठीकडे बोट दाखवलं. मी कडी काढली तेव्हा तिने दाराच्या खालच्या फळीवर नख्यांनी पांढऱ्या रेघा काढल्या होत्या. चार तास झाले होते. मी भिंतीच्या अलीकडे खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तरी मी तुला लिहिलं की मांजर मुकी आहे. मला खरंच तसं वाटत होतं, पल्लवी. कडी काढतानाही ती आ करून माझ्याकडे बघत होती आणि मी स्वतःला सांगितलं, घाबरून जांभया देते. माणूस स्वतःला किती फसवू शकतो, याला मर्यादा नाही.

तुझी पिशवी आली तेव्हा सनई आधी त्या दाराशी गेली आणि तिने रेघांचा वास घेतला. दुसऱ्या दिवशी फणफणतच मी बस पकडून नाशिक रोडला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. एकटी.

तिथे काचेच्या खोलीत बसवतात. वैष्णवी नावाची मुलगी बाहेरून यंत्रावर आवाज देते आणि आपण बटण दाबायचं. आता हे तू कोणाला सांगू नकोस. मी तिच्या हाताकडे बघून बटण दाबत होते. सदतीस वर्षं कॉपी करणारी पोरं पकडली, आणि अडुसष्टाव्या वर्षी मी स्वतः कॉपी केली. पकडली गेले. तिने हात टेबलाखाली घेतला आणि परत सुरू केलं. उरलेल्या पेपरात मला जवळजवळ शून्य.

यंत्र काल मिळालं. दोन, दोन्ही कानांना. शेंगदाण्याएवढी आहेत. बाहेर आले तर रिक्षा माझ्या डोक्यातून चालल्या होत्या. माझ्या बांगड्या वाजतात हे विसरलेच होते. पंखा कुरकुरतो. नवसाबाई इतक्या मोठ्याने बोलते की तिला म्हटलं, बाई गं, मी बहिरी नाही! दोघी हसत सुटलो. आणि आज सकाळी दहाला लांबून धपधप आली. तुझ्या दिनेशच्या ऑफिसातल्या माणसाची माफी माग.

एकच झालं. घरी आल्याबरोबर मी सनईला समोर घेऊन बसले आणि म्हटलं, "बोल बाई आता." तिने माझ्याकडे बघितलं आणि पायावर पंजा ठेवला. कालपासून मी तिच्या मागे आहे. दूध दाखवलं, सुकट दाखवलं, शेजारच्या बोक्याची निंदा केली. पंजाच. एवढे कान घेऊन आले नि बोलणारी गप्प.

तुझी आत्या


गंगापूर रोड
२४ ऑक्टोबर

आत्या,

पत्र वाचून मी एकटीच घरभर नाचले, दुखऱ्या पायाने. दिनेश म्हणाला पुन्हा प्लास्टर लागेल.

सनईच्या मागे लागू नकोस. तुझ्याशी ओरडून बोलायचं नसतं, हे तिला कष्टाने शिकावं लागलंय. ती सहजासहजी विसरणार नाही.

आणि ऐक. निकुंभकाका काल जिन्यात थांबवून म्हणाले, "मांजर कुठंय? पाचला ओरडायची तेव्हा मी उठून फिरायला जायचो. आता जागच येत नाही, वजन वाढलं." मी म्हटलं, लेखी द्या, मीटिंगपुढे ठेवते.

दादा ३१ तारखेला पोचतोय. फोन चालू करून त्याला तू स्वतः विचार, स्टेशनवरून रिक्षाने येणार की बसने. त्याचा चेहरा मला दिसणार नाही, एवढंच दुःख.

पल्लवी


देवळाली कॅम्प
७ नोव्हेंबर

प्रिय पल्लवी,

तू भाऊबीजेला आलीस तेव्हा संतोष समोर होता, म्हणून मोकळं बोलता आलं नाही. आता सगळं सांगते.

तो आला त्या दिवशी पहिल्याच बेलला मी दार उघडलं. सनई अजून अर्ध्या वाटेत होती, तिचा चेहराच पडला. संतोषने माझ्या कानाकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, हे कधी?" मी म्हटलं, झाले बरेच दिवस. बारा दिवस म्हणजे बरेचच. मग मी त्याला बसवून सगळं खरं सांगितलं, फोनचं, पत्रांचं, तुझ्याकडून शब्द घेतल्याचं. कोठीच्या दारावरच्या रेघाही दाखवल्या. तो बराच वेळ रेघांवरून बोट फिरवत उभा होता.

तरी दुसऱ्या दिवशी फराळ झाल्यावर सुरू झालाच. बंगळुरूला डॉक्टर जवळ आहेत, बंगळुरूला बाग आहे, बंगळुरूला भजनी मंडळसुद्धा आहे. पाच मिनिटं मी ऐकलं. मग केस सारखे केल्यासारखं करून दोन्ही यंत्रं बंद केली आणि मान डोलवत बसले. फार बरं वाटलं. किती वेळ गेला कोण जाणे, पायावर पंजा आला. सनई पुढे, मी मागे, ओट्यापाशी जाऊन गॅस बंद केला आणि येताना यंत्रं चालू करून म्हटलं, "तुझं सगळं पटलं. पण मी येणार नाही."

तो माझ्याकडे बघत होता, मग मांजरीकडे. म्हणाला, "आई, तुझं यंत्र बंद होतं ना?" मी म्हटलं, हो. "आणि तरी कुकर कळला?" मी म्हटलं, घरात एक बंद असलं तरी दुसरं चालू असतं. तो हसला. लहानपणी प्रगतिपुस्तकावर खोटी सही करून पकडला गेला होता तेव्हा हसला होता, तसा. मग म्हणाला, "रोज संध्याकाळी सातला फोन करणार. एक दिवस उचलला नाहीस तर दुसऱ्या दिवशी तिकीट काढून येईन." कबूल केलं. मी इथेच राहणार आहे.

परवा तो गेला. गेटपर्यंत सोडून आले, आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. त्याच्यासाठी काढलेली गादी कोठीत ठेवली, कडी लावली, पेरूखाली खुर्ची टाकून बसले. रडले थोडी, सांगायला लाज नाही. आणि तेवढ्यात आतून आवाज आला.

मी असला आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. आधी वाटलं गेट कुरकुरतंय. मग वाटलं शेजारी कोणी पत्रा ओढतंय. मग कळलं. गादीच्या मागून ती पुन्हा आत शिरली होती. बंद दारातून पंजा माझ्या पायापर्यंत पोचणार कसा? तिच्याकडे जुनं तेवढंच उरलं होतं, ते तिने काढलं.

मी पळत गेले. या वयात, चपला न घालता. कडी काढली तेव्हा नवी रेघ एकही नव्हती.

दाखला निकुंभांच्या फलकावरून काढून मला परत पाठव, तो रद्द करायचा आहे. सनई मुकी नाही. वर्गात बडबड करते. दार उघडल्यावरही ती माझ्यासमोर बसून चांगली दहा मिनिटं मला फाडफाड बोलली, मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. आवाज भयंकर आहे, निकुंभांचं काही चुकलं नव्हतं, मी त्यांच्या जागी असते तर तुलाही काढलं असतं.

यंत्र मी काढलं नाही.

तुझी आत्या